ज्येष्ठांना आणि आजारी माणसाला क्रूझवर नेताना: मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

गुडघे गेलेली आई, पॅरालिसिसमधून उठलेले बाबा, ऑक्सिजनवर असलेले काका. यांना बोटीवर न्यायचं ठरलं की घरात जे प्रश्न निघतात ते इथे घेतले आहेत. मुंबईहून सुटणारी बोट आणि विमानाने सिंगापूर-दुबईला जाऊन धरायची बोट, दोन्हींचा विचार केला आहे. औषधांबद्दलचा मजकूर डॉक्टरांशी काय बोलायचं हे कळावं म्हणून आहे, डोस ठरवण्यासाठी नाही.

आईला पन्नास पावलांवर बसावं लागतं. तिला क्रूझ झेपेल का?

बससहलीपेक्षा नक्कीच सोपी जाते. रोज बॅगा भरायच्या नाहीत, रोज नवं हॉटेल नाही, संडास शोधत फिरायचं नाही. बरं वाटेनासं झालं तर ती केबिनमध्ये जाऊन आडवी होते आणि बाकीच्यांचा दिवस अडत नाही. अंतर मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. मुंबईहून फिरणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ ही १९९० सालची, आजच्या मानाने लहान बोट. तरी ती दोनशे मीटरहून लांब आहे. सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या बोटी तीनशेच्या पुढे जातात. केबिन एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला आली, तर ही रपेट दिवसातून तीनदा. घरात काठीवर भागतंय म्हणून व्हीलचेअर मागे ठेवून येऊ नका.

सहल फसते ती बहुधा तीन जागी: बाथरूमचं दार, बंदरावर उतरण्याची पद्धत, आणि रात्री केबिनमध्ये कोण झोपणार हे न ठरवणं. खालचे बरेचसे प्रश्न याच तीन गोष्टींभोवती फिरतात.

पहिल्यांदा न्यायचं तर कुठला मार्ग आणि कुठला महिना?

मुंबई–गोवा, दोन रात्रींची. गोव्यात बोट मुरगावच्या धक्क्याला लागते, म्हणजे गँगवेवरून (बोटीतून धक्क्यावर टाकलेल्या पुलावरून) थेट जमिनीवर. कोचीलाही धक्का आहे. लक्षद्वीपचं तसं नाही. तिथे मोठी बोट खोल पाण्यात उभी राहते आणि लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. लाट आली की दोन्ही बोटी वेगवेगळ्या तालात वर-खाली होतात आणि मधली पायरी कधी वीतभर, कधी हातभर होते. ज्याला स्वतःच्या पायावर ती पायरी ओलांडता येत नाही त्याला सहसा उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तेव्हा लक्षद्वीप घ्यायचं असेल तर आजोबा त्या दिवशी बोटीवरच राहतील असं धरून चाला. रिकाम्या बोटीवरचा दिवस वाईट नसतो: लिफ्ट मोकळ्या, डेकवर सावलीतली खुर्ची हमखास. भारतीयांनाही लक्षद्वीपसाठी परमिट लागतं, त्याची कागदपत्रं वेळेत द्या.

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. ज्यांचा तोल आधीच जातो त्यांच्यासाठी तो काळ नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात शांत.

तिकिटावर ‘व्हीलचेअर असिस्टन्स’ लिहून आलंय. म्हणजे काम झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ‘असिस्टन्स’ म्हणजे टर्मिनलच्या दारापासून बोटीत सोडेपर्यंत कोणीतरी खुर्ची ढकलणार आणि शेवटच्या दिवशी परत बाहेर आणणार. ती खुर्ची सहलभर तुमच्याकडे राहत नाही. व्हीलचेअरसाठी बांधलेली केबिन ही वेगळी गोष्ट. प्रत्येक बोटीवर अशा केबिन थोड्या असतात, जुन्या बोटींवर अगदीच थोड्या, आणि वेबसाइटवर त्या बऱ्याचदा दिसतच नाहीत. एजंटला कंपनीशी बोलून ती केबिन अडवायला लावा, आणि पैसे भरण्याआधी पुढची उत्तरं ईमेलवर मागा: केबिनच्या आणि बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती सेंटिमीटर, बाथरूमचा उंबरा किती उंच, अंघोळीला खाली बसायची सोय आहे का, कमोड जमिनीपासून किती उंच, पलंगाखाली किती जागा, कोणत्या बंदरावर लहान बोटीने उतरावं लागेल. फोनवर ‘हो हो, सगळं आहे’ असं सांगणारा माणूस त्या दिवशी बोटीवर नसतो.

आमची नेहमीची फोल्डिंग व्हीलचेअर दारातून जाईल का?

आधी मोजा. सीटची रुंदी १८ इंच असली तरी त्याचा उपयोग नाही. चाकाबाहेरच्या हाताने फिरवायच्या कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत टेप लावा. बाजारात मिळणारी साधी खुर्ची बाहेरून २४ ते २६ इंच भरते. साध्या केबिनचं दार अंदाजे २२-२३ इंच. म्हणजे अडकणार. व्हीलचेअरच्या केबिनला दार ३२ इंचांच्या आसपास असतं आणि आत खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा.

साधीच केबिन मिळाली असेल आणि आई चार पावलं धरून चालत असेल, तर मागून ढकलायची लहान चाकांची ट्रान्झिट खुर्ची घ्या. ती अरुंद असते, हलकी असते, आणि दाराशी आईला उभं करून घडी घालून आत नेता येते. साध्या बाथरूमला चार ते सहा इंचांचा उंबरा असतो. रात्री झोपेतून उठलेला माणूस हमखास तिथेच ठेचकाळतो. उंबऱ्याच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावा, निघताना काढून टाका.

टायर भरीव असलेले बरे. हवेच्या टायरला बोटीवर पंप कुठून आणणार? निघण्याआधी ब्रेक ओल्या फरशीवर तपासा. टॅक्सीत किंवा विमानात खुर्ची चढवताना पायपट्ट्या आणि सुटी उशी काढून हातातल्या पिशवीत ठेवा, कारण हरवतात त्या याच. बोटीतल्या जाड गालिच्यावर खुर्ची जड जाते. ढकलणाऱ्याच्या कंबरेचाही विचार करा. उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी करून, ढकलणाऱ्याने पाठीमागे बघत उतरवायची. सरळ उतरवली तर माणूस पुढे घसरतो.

भिंतीला हवेच्या दाबाने चिकटणारे हँडल ऑनलाइन मिळतात. तोल सावरायला बोट टेकवण्यापुरते ठीक, पण अंगाचा भार टाकला की निसटतात. त्यांच्या भरवशावर अंघोळ नको.

बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर नेता येते का?

बोटीवर बहुधा येते, पण ती केबिनच्या आतच ठेवावी आणि चार्ज करावी लागते. कॉरिडॉरमध्ये ठेवलेली खुर्ची आगीच्या वेळी वाट अडवते, म्हणून कर्मचारी ती उचलून नेतात. विमानात लिथियम बॅटरीचा नियम कडक आहे: खुर्चीतून काढावी लागणारी बॅटरी एक असेल तर ३०० वॉट-तासांपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत, आणि ती विमानात स्वतःजवळ ठेवायची. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास म्हणजे २८८, चालेल. २० अँपिअर-तासांची म्हणजे ४८०, नाही चालणार. लेबलवर आकडे पुसट झाले असतील तर कंपनीचं पत्र घ्या, नाहीतर काउंटरवर वाद.

विमान कंपनीला व्हीलचेअर सांगताना तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर: जिने चढतो, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस: जिना अजिबात नाही. डब्ल्यूसीएचसी: सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. चुकीचा नोंदवला तर विमानाच्या शिडीपाशी पंचाईत होते.

टर्मिनलला पोचायचं कसं?

मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. सीएसएमटीहून टॅक्सीने जवळ. पण काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. व्हीलचेअर मग टपावर जाते आणि बॅगा मांडीवर. ठाणे, डोंबिवली, बोरिवलीहून येणार असाल तर मोठी गाडी सांगा, आणि ती सांगतानाच डिकी मोकळी आहे का विचारा. बंदराचं प्रवेशद्वार तिकिटावर दिलेलं असतं, त्याच गेटला जा; चुकीच्या गेटवरून माणसाला चालवत नेणं हा फुकटचा त्रास. चेक-इनला दुपारची गर्दी जोरात असते, दिलेल्या वेळेच्या सुरुवातीलाच पोचा.

गँगवेचा उतार भरती-ओहोटीवर बदलतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या पुढे वर-खाली होतं. धक्का जागेवर, बोट तेवढी उचललेली. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फरक कमी. म्हणून जाताना सपाट वाटलेला गँगवे येताना उभा वाटू शकतो. अशा वेळी कर्मचारी खुर्ची धरतात. घरच्यांनी मध्ये हात घालू नये, एकाच माणसाच्या सांगण्यावरून हालचाल होऊ द्यावी.

औषधं किती आणि कशी न्यायची?

सहलीचे दिवस अधिक किमान चार दिवसांची, सगळी हातातल्या पिशवीत. चेक-इनला दिलेली मोठी बॅग केबिनच्या दाराशी संध्याकाळी उशिरा येते. तोवर दुपारची गोळी आणि इन्सुलिन त्यात अडकलेलं. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा; आठवड्याच्या डब्यात ओतलेल्या सुट्या गोळ्या कस्टम्सला ओळखता येत नाहीत. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहिलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्या. आपली ब्रँडची नावं बाहेर कोणाला कळत नाहीत.

दुबई आणि सिंगापूरसाठी याहून सांभाळून. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या यांच्यावर तिथे नियंत्रण आहे. संयुक्त अरब अमिरातीत प्रेगाबॅलिनवरही आहे, आणि आपल्याकडे पायांच्या जळजळीसाठी ते मधुमेह असलेल्या कित्येकांना चालू असतं. निघण्याच्या बऱ्याच आधी त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवर परवानगीचं बघा. आणखी एक: खसखशीवर दोन्हीकडे बंदी आहे. फराळाच्या डब्यात अनारसे असतील तर ते घरीच खाऊन निघा.

इन्सुलिन, सीपॅप, ऑक्सिजन, डायलिसिस?

इन्सुलिनचं चालू पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं, म्हणजे छोट्या सहलीला ते एसी केबिनमध्ये ठेवलं तरी पुरे. न उघडलेल्याला २ ते ८ अंश हवेत, आणि केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा तेवढा थंड होत नाही. औषधासाठी वेगळा फ्रिज मिळेल का हे बुकिंगच्या वेळी मागा. वापरलेल्या सुया कचऱ्यात नाहीत. केबिनच्या कर्मचाऱ्याकडे सुयांचा डबा मागा.

मशीनच्या तळाचं लेबल वाचा. सीपॅपचा (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायच्या मशीनचा) अ‍ॅडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्ट चालतो. घरचा नेब्युलायझर आणि घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन) मात्र पुष्कळदा फक्त २३० व्होल्टचे असतात. बोटीवरच्या ११० च्या सॉकेटला लावले तर मोटर गुरगुरते आणि हवा येत नाही. कोणता सॉकेट किती व्होल्टचा हे विचारून घ्या. साधं एक्स्टेन्शन बोर्ड बोटीवर अनेकदा काढून घेतात, म्हणून वैद्यकीय मशीनसाठी लागणारी वायर आधी सांगून मंजूर करून घ्यावी. सीपॅपचं डिस्टिल्ड वॉटरही आधीच मागावं.

स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात सहसा चालत नाही. बॅटरीवरचा कॉन्सन्ट्रेटर चालतो. कंपनीला आगाऊ कळवावं लागतं आणि बॅटऱ्या उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या लागतात.

हिमोडायलिसिसची (मशीनवर रक्त शुद्ध करण्याची) सोय नेहमीच्या बोटींवर नसते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत बसणारी दोन रात्रींची सहल एवढाच मार्ग, तोही नेफ्रॉलॉजिस्टने हो म्हटलं तर. बोटीला उशीर झाला तर काय, हे त्यांनाच विचारा. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांना पिशव्या नेता येतात, पण स्वच्छ, न हलणारी जागा लागते.

बोट लागून मळमळायला लागलं तर?

मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्या; तिथे हेलकावे कमी. पुढच्या टोकाची, वरच्या मजल्याची केबिन फोटोत छान दिसते, तेवढंच.

अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्या आपण सहज घेतो. वयस्कर माणसाला त्याने गुंगी येते, तोल जातो, लघवी तुंबते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. पार्किन्सन्स असलेल्याला सिनारिझीन आणि स्टेमेटिल दोन्ही घातक ठरू शकतात, कंप आणि ताठरपणा वाढतो. गोळी द्यायचीच ठरली तर घरी एक दिवस देऊन बघा, काय होतं ते आपल्या पलंगाशेजारी कळू दे. आलेपाक, सुंठ, कोरडी पोळी, डेकवरची हवा, क्षितिजाकडे नजर हे सगळं वापराच. उलट्या झाल्या तर रक्तदाबाची आणि लघवी होण्याची गोळी त्या दिवशी द्यायची का, याचं उत्तर डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

बोटीवर डॉक्टर असतात ना?

असतात. ईसीजी, काही रक्ततपासण्या, बहुतेक ठिकाणी एक्स-रे, सलाइन, हृदयाला शॉक देण्याचं यंत्र. शस्त्रक्रिया नाही, रक्तपेढी नाही. मोठं काही झालं तर माणसाला स्थिर करून पुढच्या बंदरावर उतरवतात. हेलिकॉप्टर येईलच असं धरू नका. त्यामुळे घरच्या डॉक्टरांना ‘नेऊ का?’ असं मोघम विचारू नका. ‘हॉस्पिटल बारा ते चोवीस तास लांब असेल तर चालेल का?’ असं विचारा. उत्तर बदलतं.

बोटीवरच्या तपासणीचे पैसे वेगळे, आणि जागेवर भरायचे. घरच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. प्रवास विमा घ्या, आधीचे सगळे आजार त्यात लिहा आणि आधीच्या आजारातून उद्भवलेली इमर्जन्सी व बोटीवरून हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते शब्दशः वाचा. साखर लपवून हप्ता वाचवला तर क्लेमच्या वेळी तोच कागद समोर ठेवतात. जुना ईसीजी, औषधांची यादी आणि ताज्या रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. समुद्रात नेटवर्क नसतं, क्लाउडमधली फाइल उघडणार नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, बोटीच्या नेटवर्कचं रोमिंग बिल डोळे पांढरे करतं.

बोटीवरचे कर्मचारी आजोबांना अंघोळ घालतील का?

नाही. उचलणं, भरवणं, अंघोळ, कपडे बदलणं ही त्यांची कामं नाहीत. घरातलं माणूस हवं किंवा ब्युरोच्या मावशी. मावशींना नेणार असाल तर त्यांचं तिकीट, ओळखपत्र, सहल परदेशी असेल तर पासपोर्ट-व्हिसा सगळं तुमच्याकडे, आणि त्यांना बोट लागते का हे आधी विचारा. लागली तर तुमच्याकडे दोन पेशंट.

घरातलीच माणसं असतील तर पाळी निघण्याआधी कागदावर लिहा. सकाळची अंघोळ कोणाची, दुपारी केबिनमध्ये कोण, रात्री उठणार कोण. न लिहिता गेलेल्या कुटुंबात सून अख्खी सहल केबिनमध्ये काढते आणि बाकीचे तिच्यासाठी बुफेतून केकचा तुकडा आणतात. रात्री उठणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी, हा नियम पाळा. शक्य असेल तर मधलं दार उघडणाऱ्या दोन केबिन घ्या.

संडास, डायपर, पाण्याचा मग?

पाण्याचा मग घेऊन जा. परदेशी बोटींवर जेट स्प्रे नसतो, आणि पाण्याशिवाय आपल्या माणसांचं भागत नाही. कमोड हवेच्या दाबाने ओढणारा असतो: बसलेलं असताना फ्लश करू नका, आणि डायपर, ओले टिश्यू आत टाकू नका. एकाने तुंबवला की आसपासच्या केबिनचेही बंद पडतात. डायपरसाठी काळ्या पिशव्या, गादीवर टाकायला प्लास्टिकचं कापड, रात्रीसाठी युरिन पॉट. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा घालवला की मिट्ट काळोख होतो. हालचाल जाणवली की पेटणारा सेलवरचा दिवा बाथरूमपाशी लावा. केबिनच्या भिंती पोलादी असल्याने चुंबकाचे हूक चिकटतात, काठी आणि पिशव्या अडकवायला सोयीचे. पेसमेकर असलेल्याने ते छातीजवळ धरू नयेत.

हात साबणाने धुवा. बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

पथ्याचं जेवण?

बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. मऊ भात, वाटलेलं अन्न, कमी मीठ हे सांगितलं तर करून देतात. केबिनमध्ये किटली किंवा कुकर लावायला मनाई असते, त्यामुळे ‘पेज मीच करीन’ हे जमणार नाही. बुफेतले सूप, लोणची आणि सॉस यांत मीठ भरपूर. हृदयाच्या पेशंटचे पाय दुसऱ्या दिवशी सुजतात ते बऱ्याचदा यामुळे.

आजीला विसरायला होतं. न्यावं का?

सुरुवातीची अवस्था असेल तर न्या, पण बाल्कनीची केबिन घेऊ नका. सगळे कॉरिडॉर सारखे दिसतात. दारावर तिच्या ओळखीचं काहीतरी, लाल ओढणी किंवा नातवाचा फोटो, लावा. गळ्यातल्या कार्डावर केबिन नंबर आणि तुमचं नाव. दार उघडलं की वाजणारा सेलवरचा अलार्म मिळतो, तो लावाच. संध्याकाळी गोंधळ वाढत असेल तर त्या वेळेला मोठ्या आवाजाच्या शोला नेऊ नका.

भोंगा वाजला तर व्हीलचेअरवाल्यांचं काय?

सात छोटे आणि एक लांब भोंगा, असा इशारा असतो, आणि बोट सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या त्याची तालीम सगळ्यांना सक्तीची असते. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत. म्हणून चढल्याबरोबर रिसेप्शनवर जाऊन केबिन नंबरसह सांगा की इथे जिना न उतरणारा माणूस आहे. त्यांच्याकडे मदतीची यादी असते आणि जिन्यावरून उतरवण्याच्या खास खुर्च्या असतात. साध्या केबिनमध्ये असाल तर यादीत तुमचं नाव आपोआप येत नाही.

शेवटच्या दिवशी काय सांभाळायचं?

मोठ्या बॅगा आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी सकाळची औषधं, एक कपड्यांचा जोड, डायपर आणि चष्मा बाहेर काढा; दरवेळी कोणीतरी बाबांची दातांची कवळी बॅगेत घालून मोकळं होतं. उतरण्यासाठी मदत हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारीच नाव नोंदवा. सकाळी नाश्त्यानंतर लिफ्टपाशी झुंबड उडते, म्हणून लवकर खाऊन घ्या आणि सांगितलेल्या जागी बसून राहा. गाडीवाल्याला बोट धक्क्याला लागण्याची वेळ देऊ नका. व्हीलचेअरवाल्यांना बाहेर पडायला त्यानंतर दीड-दोन तास सहज जातात.